घराबाहेर पडलेला गणवेश

"बटणं शाबूत आहेत," तुरुंगरक्षकाची विधवा एतेल्काआजी म्हणाल्या. "नवरा तेवढा संपला."

हंगेरीतल्या समाजवादी काळातले लष्करी आणि तुरुंगखात्याचे गणवेश मी जमवतो. आत माणूस नसला की ते फार सभ्य असतात. या गणवेशाचा सौदा आजींनी दोनदा मोडला होता: "यांना विचारायचं राहिलं." आजही आजी नवऱ्याच्या खुर्चीवर टेकत नव्हत्या.

माप बघायला मी तो अंगात घातला. आजींनी धावत जाऊन रेडिओचा आवाज बारीक केला.

"अहो, मी आहे!"

"माहितेय. हात आपोआप गेला." स्वतःच्याच हाताकडे त्या रागाने बघत राहिल्या. मग रेडिओ सगळ्यात मोठा लावला.

मी गणवेश उतरवू लागलो.

"काढू नका," त्यांनी दार सताड उघडलं. "घालूनच जा. यांना घराबाहेर पडताना मला बघायचंय."