शुक्रवारचा साबण

ऑर्विल दर शनिवारी अंगणात प्रोपेन गॅसच्या शेगडीवर घरच्या बिअरसाठी पातेलंभर धान्याचं पाणी उकळायचा. नंतर काजळी पटकन निघावी म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच पातेल्याला बाहेरून भांड्यांचा साबण चोपडून ठेवायचा.

"झाली का पातेल्याची दाढी?" त्याची बायको मर्ना चिडवायची.

ऑर्विल हिवाळ्यात गेला. बर्फ वितळल्यावर मर्नाने त्याच्यामागे पहिल्यांदाच पातेलं चढवलं. ज्योत पिवळी जळत राहिली आणि पातेलं काळंठिक्कर पडलं.

"साबण लावला होतास ना?" शेजारच्या लॉइडने कुंपणावरून विचारलं.

"विसरले."

"मग बस आता नाताळपर्यंत घासत."

मर्नाने ओलं फडकं फिरवलं. काजळी अलगद निघून आली आणि तिचा हात अर्ध्यावरच थांबला.


ऑर्विल गेला तो शनिवारी पहाटे, पातेलं चढवायच्या आधी.