फुंकर

नळाला लशीचं पाणी आलं की गावभर भोंगा वाजायचा. ज्या पाण्यातून पूर्वी काविळीचा विषाणू घरोघर पोचायचा, त्याच पाण्यातून आता त्याच्यावरची लस यायची. तरीही रेवतीच्या रक्तात लशीची खूण दिसत नव्हती, आणि तिला सातवा महिना लागला होता.

"पाणी उकळता का हो?" तपासायला आलेल्या नर्सनं सासूबाईंना विचारलं.

"म्हणजे काय! पोटुशी सून आहे माझी," मालनबाई ठसक्यात म्हणाल्या.

"अहो, उकळलं की लस मरते."

मालनबाईंनी शेगडीवरचं पाण्याचं पातेलं खाली उतरवलं. त्यांची धाकटी बहीण अशीच पोटुशी असताना काविळीनं गेली होती. तेव्हापासून न उकळलेला थेंब त्यांनी घरात कुणाच्या घशाखाली जाऊ दिला नव्हता.

तेवढ्यात भोंगा वाजला. मालनबाईंनी नळाखाली पेला धरला. आधी स्वतः दोन घोट घेतले. मग पेल्यावर हळूच फुंकर घालून तो सुनेपुढे केला.

"आई, गारच आहे ते," रेवती हसून म्हणाली.

"माहीत आहे गं," मालनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक फुंकर घातली.