कॉम्प्युटरचं टेबल

पातं प्लायमध्ये वीतभर शिरलं आणि एकनाथचा उजवा हात पुन्हा थरथरला. करवतीचं मशीन तिरकं झालं, अडकलं आणि झटक्याने मागे उसळलं. त्याने बटण सोडलं. पातं करकरत थांबलं.

चंडीगढच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं तो पोरांना बजावत आला होता, मशीनच्या मागे नाही, बाजूला उभे राहा. त्या सवयीनेच आज घरच्या अंगणात पोट वाचलं.

हाताचं हे तीन महिने चाललं होतं. चहा बशीत सांडे, फळ्यावरची रेघ भरकटे. घरी बोलला नव्हता. सोमवारी कॉम्प्युटर यायचा होता. टेबल विकत आणू म्हणणाऱ्या बायकोवर, स्मितावर, तो खेकसला होता, "मी असताना विकतचं?"

"पापा, क्या हुआ?" त्याची सतरा वर्षांची मुलगी, वल्लरी, मागच्या दारात उभी होती.

"काही नाही. लाइट कमी-जास्त होतेय."

"लाइट ठीक है." ती जवळ आली. मशीनच्या मुठीवरच्या त्याच्या हातावर तिने हात ठेवला. तिच्या तळव्याखालीही तो हात थांबेना.

"कब से?"

त्याने प्लग काढला, पातं तपासलं. प्लायवर आडवी बसवलेली पट्टी घट्टच होती, तरी तिचे शिकंजे पुन्हा आवळले. अंगणात एक फेरी मारली, परत येऊन पुन्हा आवळले.

"मैं काटूँ?"

"बोटं जातील."

"तो सिखाओ ना. पूरे चंडीगढ़ को सिखाते हो."

त्याने भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून लावलेला स्वतःचा चष्मा काढून तिला दिला.

"दोन्ही हात मुठींवर. पातं पूर्ण वेगात आल्याशिवाय लाकडाला टेकवायचं नाही. मशीन पट्टीला लागून राहू दे. ढकलू नकोस, त्याच्यासोबत जा."

त्याने प्लग परत लावला. मशीन किंचाळलं. भुसा उडाला. तिच्या दहा बोटांवरून त्याची नजर हलली नाही. कापलेला तुकडा धप्पकन खाली पडला. तिने बटण सोडलं आणि पातं थांबेपर्यंत मशीन उचललं नाही.

एकनाथने कडेवरून अंगठा फिरवला. कुठेही अडला नाही. काप सुतासारखा सरळ होता. त्याला बरं वाटायला हवं होतं.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

वल्लरीने चष्मा कपाळावर सरकवला. मराठीला कायम हिंदीतच उत्तर देणारी ती पोर एकेक शब्द शोधत म्हणाली, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा, बाबा."

तो स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारापर्यंत गेला, मागे फिरला, पुन्हा गेला.

"स्मिता, जरा बाहेर ये गं," त्याने हाक मारली. "हात बघ माझा."