गेंदाचं वजन

तानबा नालबंद फाटकातून आत आला तेव्हा मनकर्णाबाईंनी आधी त्याचे हात पाहिले, मग गेंदा घोडीचा मागचा उजवा पाय. हात कापत होते. पायाचा नाल सकाळीच कुठंतरी निसटून पडला होता.

नेमकं आजच त्यांनी वर्ध्याच्या प्रेमदासला बोलावणं धाडलं होतं. प्रेमदास तरणा नालबंद, दंड हे एवढाले. आता तानबाला 'तुम्ही येऊ नका' कसं म्हणायचं, त्याची दोन-तीन गोड वाक्यं बाईंनी घोड्यांचा दाणा भिजवता भिजवता जुळवून ठेवली होती. नालवाडीच्या त्या तबेल्यात पाच घोड्या, दोन शिंगरं आणि मालकीण म्हणून ही एकटी बाई. तिची जीभ स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनाही ठाऊक. पण वाक्यं ओठांशी येऊन अडली. तीस वर्षं इथला प्रत्येक खूर या माणसानं आपल्या मांडीवर घेतला होता.

"पाहून काऊन राह्यल्या, बाई? पहिल्यांदा आलो काय मी?"

"नाई, म्हटलं म्या निरोप धाडला नाई तरी आले, तानबाजी."

"निरोप कायले पायजे? सकाळी घोडी सडकेनं गेली तवा तीनच नाल वाजले."

त्यानं पिशवी उघडली. कानस, सांडशी, हातोडी. खिळ्यांच्या डबीचं झाकण काढताना चार खिळे मातीत सांडले. ते वेचायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात हाच तानबा एकेकाळी अख्खा नाल ठोकून मोकळा व्हायचा.

खिळा केसभर वाकडा गेला तर खुराच्या जिवंत भागात घुसतो, आणि घोडी कायमची लंगडी होऊ शकते. त्यात ही गेंदा. दिसायला देखणी, पण एक नंबरची बेरकी. कुणी पाय उचलला की अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकून खुशाल उभी राहायची. माणसांची पारख बाई यावरच करायच्या. जनावरांचा डॉक्टर दोन मिनिटांत ओरडला होता. बाईंचा सख्खा भाऊ अर्ध्या मिनिटात. न ओरडणारा एकच, तानबा. तो भार झेलत तिला चिडवायचा, "टेक बाई, टेक, माहेरच हाये तुझं!"

आज त्यानं पाय मांडीवर घेतला. बाई दावं धरून घोडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एक चूक दिसली की 'थांबा' म्हणायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

पहिलाच घाव खिळा सोडून नालावर बसला. खण्ण आवाज झाला. गेंदानं कानसुद्धा हलवला नाही.

बाईंनी वाकून पाहिलं. पाहतच राहिल्या.

खूर तानबाच्या मांडीवर होता, पण मांडीवरची धोतराची घडी दबलेली नव्हती. म्हाताऱ्यानं सकाळी धुतलेलं, कडक वाळलेलं धोतर. घडी तशीच ताठ. गेंदानं आपला पाय आपणच तोलून धरला होता. तिच्या मागच्या पुठ्ठ्याचं मांस बारीक थरथरत होतं. बाकीचे तीन पाय जमिनीत पुरल्यासारखे. डोळ्याच्या कोपऱ्यात गोमाशी येऊन बसली. घोडीनं ती बसू दिली. तानबानं मनगट खुरावर टेकवलं, तसा हाताचा कंप थांबला. एक खिळा. दुसरा. तिसरा. सहाही सरळ गेले.

तेवढ्या वेळात बाईंच्या हातातलं दावं केव्हाच सुटलं होतं.

पाय खाली ठेवून तानबा उठला तो तणतणतच. गेंदाची मान घामानं भिजली होती. हवेत तर गारवा होता.

"बाई, घोडी फुलावानी हलकी लागली आज. चना कमी केला काय तिचा?"

"केला," बाई म्हणाल्या. "माही चूक झाली, तानबाजी."

हे वाक्य त्यांच्या नवऱ्यानं अख्ख्या संसारात ऐकलं नव्हतं.

तानबा समाधानानं लिंबाखाली पाणी प्यायला बसला. तेवढ्यात फाटकाशी सायकल लागली. प्रेमदास हातात पिशवी घेऊन आत आला. तानबानं त्याच्या पिशवीकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई दुसरीकडे पाहू लागल्या.

"डावा नाल झिजला हाये," त्या प्रेमदासला म्हणाल्या. "तो तू करजो."

प्रेमदासनं डावा पाय उचलून मांडीवर घेतला. गेंदानं एक लांब श्वास सोडला आणि ती त्याच्यावर टेकली. प्रेमदास गुडघ्यात वाकला.

"आई गं! घोडी हाये का गिरणीचं जातं! काकाजी, तुमी कशी झेलली हिले या वयात?"

तानबाचा लोटा तोंडाशीच थांबला. त्यानं आपल्या मांडीकडे पाहिलं. घडी तशीच होती. तिच्यावरून त्यानं एकदा सावकाश हात फिरवला.

"बाई, चना नव्हता ना कमी केला?"

बाईंनी त्याच्या हातातला लोटा काढून घेतला.

तानबा उठला. आपली हातोडी त्यानं प्रेमदासच्या पिशवीशेजारी ठेवली आणि घोडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. दोन्ही कापते हात तिच्या गालांना लावले. गेंदानं मान खाली केली, आणि तेवढं मोठं डोकं, सगळ्या वजनासकट, त्याच्या खांद्यावर ठेवलं. म्हातारा जरासा लटपटला. मग पाय रोवून उभा राहिला.

"टेक बाई," तो म्हणाला. "टेक."