तिसऱ्या अंकातला प्रवेश

सभागृहाच्या पडद्यावर नाटकाचं जुनं चित्रीकरण सुरू झालं, तसा कुमुदिनीबाईंनी शेजारी बसलेल्या लेकीचा हात धरला. “तिसऱ्या अंकात माझा प्रवेश आहे. नीट बघ हं.”

या नाटकाच्या दौऱ्यांपायी शलाकाचं निम्मं बालपण आजोळी गेलं होतं. त्या रागाने तिने आईचं काम कधी पाहिलंच नाही. आज चाळीस वर्षांनी, बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर ती आली होती.

कार्यक्रम नाटकाच्या नायकाच्या सत्काराचा होता. संयोजक पहिल्या रांगेत मोबाइल घेऊन बसला होता. त्याने अंगठा सरकवला, की पडद्यावरचं नाटक पुढे पळायचं. तिसरा अंक लागला. तरुण कुमुदिनीबाई दारातून आत आल्या, बोलायला तोंड उघडलं, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर नायक टाळ्या घेत होता.

कुमुदिनीबाई उठून लगबगीने संयोजकापाशी गेल्या. “अहो, माझा प्रवेश राहिला. जरा मागे घ्या ना.”

“काकू, पाहुण्यांना निघायचंय. इथंच बघा.” त्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. खालच्या पट्टीतल्या नखाएवढ्या चित्रांत त्या एकदा दिसल्या न दिसल्या, तोच त्याने पट्टी सरकवली.

त्या परतल्या, तेव्हा शलाका खांद्याला पर्स लावून उभी होती.

“एवढंसंच होतं तुझं काम?”

त्या प्रवेशातलं दोन पानांचं स्वगत कुमुदिनीबाईंना आजही तोंडपाठ होतं.

“हो,” त्या म्हणाल्या, “एवढंसंच.”