दुसरा डोळा

बाहुल्याला दोन्ही डोळे होते.

सकाळी एकच होता. स्वरूपा दारातच थांबली. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं. किल्ल्यांच्या फळीवरचा तो लाल, गोल, बिनहातापायांचा दारुमा दाराच्या धक्क्याने डुलत होता आणि भरल्या नजरेने तिच्याकडे बघत होता.

गौरांगच्या ऑफिसातल्या शिमिझूने तो आणून दिला होता. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या रस्त्यावर गौरांगची गाडी बर्फावरून घसरली, त्याच आठवड्यात. आपल्याकडे नवस बोलतात, तशी ही जपानची रीत. मनात एक इच्छा धरायची आणि एक डोळा रंगवायचा. पुरी झाली की दुसरा. स्वरूपाने काळ्या मार्करने एक रंगवला. इच्छा कसली, ते सांगायला नको. नवरा आता तिसरा आठवडा नळ्या लावून पडला होता, डोळे मिटून.

शिमिझू आला तेव्हा गौरांगचा मित्र श्रीधर घरातच होता. रीत त्यालाही ठाऊक. आणि आज दुपारी सासूबाईंना हॉस्पिटलात श्रीधरच घेऊन जाणार होता. स्वरूपा त्या वेळी मोबाइल बंद करून सासूबाईंच्या व्हिसाच्या मुदतवाढीच्या रांगेत. निमंत्रण मुलाचं आहे तर मुलाचीच सही लागेल, असं काचेपलीकडची बाई म्हणाली. तो बेशुद्ध आहे हो, बाई. "मग शुद्धीवर आल्यावर आणा," ती म्हणाली.

आला! शुद्धीवर आला!

"आई!" ती बुटांसकट स्वयंपाकघरात धावली. "अहो आई, कधी? काय बोलला तो?"

मनोरमाबाईंच्या हातातलं लाटणं गळून पडलं.

"बोलला? माझा गौरांग बोलला? तुला फोन आला का गं?"

पिठाच्या हातांनी त्यांनी सुनेचे खांदे धरले. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बातमी समोरचीकडे आहे, असं दोघींनाही वाटत होतं. ती कुणाकडेच नाही, हे कळायला वेळ लागला.

"मग तो डोळा?" स्वरूपाने विचारलं.

"मी काढला. माझ्या डबीतलं काजळ होतं." मनोरमाबाई भिंतीला टेकल्या. "येता-जाता एका डोळ्याने बघायचा मेला. पोरगं तिकडे असं पडलेलं, आणि घरात हे काणं ध्यान! माझा अंगारा तुला चालत नाही. अंधश्रद्धा म्हणतेस. हे बरं चालतं."

खरंच होतं. हॉस्पिटलच्या दारात अंगाऱ्याची पुडी सासूच्या हातातून घेऊन स्वरूपानेच कचऱ्यात टाकली होती. त्यानंतर बाहुल्याचं कुठल्या तोंडाने सांगणार? शिकलेल्यांची अंधश्रद्धा परदेशी असली की तिला संस्कृती म्हणतात.

आता तिने सांगितलं. सगळं.

मनोरमाबाई नळाकडे वळल्या. हात धुतले, बाहुला ओट्यावर आणून ठेवला, पदराचं टोक ओलं केलं आणि डोळा पुसायला घेतला. काजळ गालावर पसरलं. मध्येच त्यांचा हात थांबला.

"आणि इच्छा पुरी नाही झाली तर?"

शिमिझूने तेही सांगितलं होतं. पुरी होवो न होवो, वर्ष सरलं की देवळात नेऊन जाळतात. स्वरूपाने मान खाली घातली.

तव्यावरची पोळी करपत होती. वास घरभर झाला, तरी कुणी हललं नाही.

मग मनोरमाबाई आतून काजळाची डबी घेऊन आल्या. बोट बुडवलं.

"दोन्ही डोळ्यांनी वाट बघू दे माझ्या पोराची. धर त्याला," त्या म्हणाल्या. "हलतोय."

बुडाला वजन घातलेला तो बाहुला, बोट लागलं की डुलत होता. स्वरूपाने त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, तान्ह्याला काजळ घालताना धरतात तसं.