शेठच्या गाडीचं इंजिन

“इंजिन कुणाला विकलंत, एवढंच सांगा आजोबा. आता तुम्हाला कुणी काही करणार नाही,” वृषाली म्हणाली.

कुशाबा मान खाली घालून उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, टोपी हातात. समोर बंगल्याच्या गॅरेजचं दार एक्केचाळीस वर्षांनी उघडलेलं आणि आत वृषालीच्या आजोबांची, शेठची, इटालियन गाडी. कमरेएवढीसुद्धा उंच नाही. चारही चाकं बसलेली, तांबडा रंग धुळीखाली गेलेला. शेठ वारले, पोरं कोर्टात भांडत बसली आणि नारायणगावजवळच्या ह्या बंगल्याला सील लागलं, ते आज निघालं.

“सांग की!” मागून रामनाथ ओरडला. “तवा बरं तोंड उघडलं व्हतंस!”

रामनाथ म्हणजे कुशाबाचा सख्खा धाकटा भाऊ. गावचा माजी सरपंच, म्हणून आज सील काढताना पंच. दोघांची शेतं एकाच बांधाला, पण एक्केचाळीस वर्षांत तो ह्या भावाशी आज पहिल्यांदा बोलला. आणि बोलला तेही असं, चारचौघांत.

गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे. कुशाबा बंगल्याचा राखणदार, किल्ल्या त्याच्याकडं. शेठ गेल्यावर गाडी न्यायला मुंबईहून दिवाणजी आला. त्यानं किल्ली फिरवली, गाडी चालू होईना. पुढचं झाकण उघडलं, तर आत स्टेपनी आणि पान्यांची पिशवी. बास! दिवाणजीनं बोंब ठोकली. अर्धा गाव पळत आला, एकेकानं आत डोकं घालून बघितलं आणि एकेकाला पटलं. जीप घ्या, ट्रक घ्या, एस.टी. घ्या, इंजिन पुढं. हिच्यात नाही, म्हणजे चोरलं. एवढं साधं होतं ते.

फौजदारानं कुशाबाला चावडीवर बसवलं. दिवसभर तो एकच म्हणत होता, “म्या हात लावला न्हाई.” दुसऱ्या दिवशी फौजदार म्हणाला, “ठीक आहे, आता तुझ्या भावकीच्या घरांची आणि मळ्यांची झडती घेतो.” त्याबरोबर कुशाबा म्हणाला, “नका जाऊ कुठं. मीच काढलं.” कुठं विकलं ते मात्र काही केल्या सांगितलं नाही.

सहा महिने आत बसून आला. गावानं त्याचं नाव ‘इंजिन्या’ ठेवलं. पोरीला स्थळ आलं की कुणीतरी पाहुण्यांच्या कानात जाऊन फुंकायचंच. बायको सोनीबाई त्या घोरानंच गेली. तिच्या मातीलासुद्धा रामनाथ आला नाही. सरपंचाची इज्जत होती ना!

“आजोबा, मी रागानं नाही विचारत,” वृषाली पुन्हा म्हणाली. “त्या इंजिनावाचून गाडी अपुरी आहे. माणसाचं नाव सांगितलंत तरी पुरे.”

“मला म्हाईत न्हाई, ताई.”

“बघा! अजून खोटं!” रामनाथनं कपाळाला हात मारला. “एका आईच्या पोटचे आमी, सांगायची लाज वाटती.”

एवढ्यात जुन्या गाड्यांचा जाणकार पुण्याहून येऊन पोचला. स्वराज त्याचं नाव. टोमॅटोच्या गाड्यांच्या गर्दीत तासभर अडकून वैतागलेला होता, पण दारातून आत बघितलं आणि सगळा वैताग विसरला.

“कुणी पुसली नाही ना? रंग नाही ना लावला?” तो जवळजवळ ओरडलाच. “अहो, अशी, जशीच्या तशी राहिलेली गाडी जन्मात एकदा बघायला मिळते!”

“पण इंजिन नाहीये,” वृषाली म्हणाली. “चोरीला गेलं.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांनी बघितलं की,” रामनाथ म्हणाला. “पुढं निस्ती स्टेपनी.”

स्वराज आधी हसला. मग सगळ्यांचे चेहरे बघून हसायचा थांबला. तो गाडीच्या मागं गेला, जमलेल्यांतल्या दोघांना हाताशी घेतलं आणि मागचं भलंमोठं झाकण करकरत वर उचललं. आत उंदरांनी घर केलं होतं. त्यानं चिंध्या बाजूला केल्या, मोबाईलचा उजेड पाडला. बारा सिलिंडरचं इंजिन जागच्या जागी बसलेलं होतं.

“ह्या गाडीचं इंजिन मागंच असतं,” तो म्हणाला. “ह्याचा एक नटसुद्धा कुणी हलवलेला नाही.”

वृषालीनं तोंडावर हात ठेवला. रामनाथ गॅरेजच्या उंबऱ्यावर मटकन बसला. “दादा,” तो कसाबसा म्हणाला, “दादा, मग तू कबूल का झालास रं?”

कुशाबाचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. तो वाकून इंजिनाकडं बघत होता. एक बोट लावून बघितलं त्यानं. मग सावकाश वळला.

“राम्या, मंग तुझ्या हिरीवर पाणी उपसाया बसवलं ते इंजिन कुठलं व्हतं?”

“हिरीवरचं? त्याचं काय?”

“दिवाणजी आला त्याच आठवड्यात आणलंस. उसाच्या पाचटाखाली झाकून, तिन्हीसांजंचं. मी बांधावर व्हतो. इचारलं तर नजर चुकवून निघून गेलास.”

“सासऱ्यानं दिलं व्हतं रं!” रामनाथ रडायलाच लागला. “सासुरवाडीच्या जिवावर बागायत करतो म्हणून गाव हसलं असतं. म्हणून झाकलं. दादा, तुला वाटलं ते मी…?”

कुशाबानं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. काय करावं तेच त्याला कळेना.

“मंग मी कुणापायी आत गेलो रं, राम्या?”